गूळ

गूळ हा उसाचा किंवा ताडवर्गीय झाडांचा गोड रस आटवून तयार केलेला गोड पदार्थ होय. साखर बनवताना रसातील स्फटिक यंत्रावर फिरवून उरलेल्या द्रवापासून, म्हणजे मळीपासून, वेगळे केले जातात. गुळात असे विलगीकरण होत नाही. त्यामुळे उसाच्या रसातील काही खनिजे, रंगद्रव्ये आणि सुगंधी द्रव्ये गुळात टिकून राहतात व त्याला सोनेरी ते गडद तपकिरी रंग आणि विशिष्ट स्वाद येतो.

भारत हा जगातील सर्वांत मोठा गूळ-उत्पादक देश आहे. दक्षिण आशियाबाहेरही अशी अशुद्धीकृत साखर बनवली जाते. कोलंबियात तिला पानेला, ब्राझीलमध्ये रापादुरा, मेक्सिकोत पिलोन्सियो आणि जपानमध्ये कोकुतो असे म्हणतात.

अलीकडच्या काळात गुळाकडे साखरेला आरोग्यदायी पर्याय म्हणून पाहिले जाते. गुळात साखरेपेक्षा खनिजे अधिक असतात हे खरे आहे. परंतु त्याचा मुख्य घटक सुक्रोज, म्हणजे साखरच आहे. त्यामुळे गुळाचा आहारातील उपयोग त्याचे प्रमाण, त्याची निर्मितीपद्धत आणि खाणाऱ्याची प्रकृती यांवर अवलंबून असतो.

नाव व व्युत्पत्ती

मराठीतील 'गूळ' हा शब्द संस्कृत 'गुड' या शब्दापासून आला आहे. हिंदीतील 'गुड़' आणि बंगालीतील 'गुड़' हे शब्दही त्याच मुळाचे आहेत. प्राचीन गौड देशाचे नाव 'गुड' या शब्दावरून पडले असे पारंपरिक मत आहे. कोकणी भाषेत गुळाला 'गोड' असेच म्हणतात. इंग्रजीतील 'जॅगरी' हा शब्द मात्र 'गुड' पासून आलेला नाही. तो संस्कृत 'शर्करा' या शब्दाचे मलयाळम रूप आणि त्यावरून पोर्तुगीजांनी घेतलेला 'जागरा' अशा मार्गाने इंग्रजीत गेला.

इतिहास

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात साठवण्याच्या वस्तूंची यादी आहे. तीत उसापासून होणारे फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा हे पदार्थ एका वर्गात दिले आहेत. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट रस. त्यापुढील पदार्थ क्रमाने अधिक शुद्ध व अधिक स्फटिकमय होत जातात. रस आटवण्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांचे ज्ञान प्राचीन भारतात होते हे या क्रमावरून दिसते.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत गुळाचे गुणदोष सांगताना नवा गूळ आणि जुना गूळ असा भेद केलेला आढळतो. नव्या गुळापेक्षा जुना गूळ पथ्यकर मानला गेला आहे. अनेक आसवे, अरिष्टे व अवलेह यांच्या निर्मितीत गुळाचा उपयोग सांगितला आहे.

महाराष्ट्रात गुळाच्या व्यापाराशी कोल्हापूरचे नाव विशेष जोडलेले आहे. पंचगंगा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील सुपीक जमीन आणि पाण्याची उपलब्धता यांमुळे तेथे उसाची शेती वाढली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवून गुळाच्या व्यापाराला उत्तेजन दिले. पुढे विसाव्या शतकात खासगी व सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाचा मोठा भाग त्यांच्याकडे वळला. तरीही गुऱ्हाळांचा व्यवसाय टिकून राहिला.

निर्मिती

उसापासून गूळ बनवण्याच्या जागेला गुऱ्हाळ किंवा गुऱ्हाळघर म्हणतात. महाराष्ट्रात गुऱ्हाळांचा मुख्य हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल असा असतो. निर्मितीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. गाळप : पक्व ऊस तोडल्यावर लवकरात लवकर गाळला जातो. उशीर झाल्यास उसातील सुक्रोजचे विघटन होऊन गूळ मऊ होतो. पूर्वी बैलांच्या घाण्यावर ऊस गाळत असत. आता विजेवर किंवा इंजिनावर चालणारे चरक वापरतात.

२. रस गाळणे व तापवणे : रस गाळून काहिलीत, म्हणजे मोठ्या उथळ कढईत, घेतला जातो. काहिलीखालच्या चुलवाणात वाळलेली चिपाडे जाळतात. उसाचेच चिपाड इंधन होत असल्याने बाहेरचे जळण कमी लागते.

३. मळ काढणे : रस तापू लागताच त्यातील प्रथिने, मेणासारखी द्रव्ये व इतर अशुद्धी फेसाबरोबर वर येतात. हा मळ झाऱ्याने काढून टाकतात. तो चांगला सुटावा म्हणून रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी पद्धत आहे. रसाची आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळी घालतात.

४. आटवणे : स्वच्छ झालेला रस सतत ढवळत आटवला जातो. उकळी उतू जाऊ नये म्हणून त्यात थोडे खाद्यतेल टाकतात. सुमारे १०५ ते १०६ अंश सेल्सियस तापमानाला काकवी तयार होते. घट्ट गुळासाठी पाक सुमारे ११६ ते ११८ अंशांपर्यंत आणि गुळाच्या पावडरीसाठी त्याहून थोडा अधिक तापवतात.

५. थंड करणे व साचे भरणे : पाक योग्य झाला की काहील उतरवून तो वाफ्यात ओततात. तेथे तो घोटून थंड करतात आणि साच्यांत भरतात. या मोठ्या गोळ्यांना ढेप म्हणतात. कोल्हापूर भागात त्यांना 'रवा' असा शब्द आहे.

ही सर्व कामे पाहणाऱ्या कुशल कारागिराला गुळव्या म्हणतात. पाकाचे दोन थेंब थंड पाण्यात टाकून, त्यांची गोळी बोटांनी दाबून किंवा भांड्यावर आपटून तो पाकाची परीक्षा करतो. तापमापक उपलब्ध झाल्यावरही अनेक ठिकाणी गुळव्याच्या अनुभवावरच भिस्त ठेवली जाते. पाक थोडा कच्चा राहिला तर गूळ चिकट होतो आणि थोडा पुढे गेला तर करपट लागतो. १०० किलो उसापासून साधारणपणे १० ते १२ किलो गूळ मिळतो.

गुळाची प्रत केवळ कारागिरीवर ठरत नाही. खारवट जमिनीतील उसाचा गूळ चवीला खारट होतो. नत्रयुक्त खतांची मात्रा फार झाल्यास गूळ काळसर व मऊ होतो. उसाच्या वाणांचाही परिणाम होतो. महाराष्ट्रात को ९२००५ आणि को ८६०३२ हे वाण गुळासाठी वापरले जातात. या विषयावरील संशोधन महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात चालते.

प्रकार

* ढेपेचा गूळ : घनरूप गूळ. घाऊक बाजारात मोठ्या व किरकोळ विक्रीसाठी लहान ढेपांत मिळतो.
* काकवी : पूर्ण न आटवलेला पातळ गूळ. भाकरी किंवा घावनाबरोबर खातात. गुऱ्हाळातील काकवी ही साखर कारखान्यातील मळीपेक्षा वेगळी असते. साखर काढून घेतल्यावर मळी उरते. काकवीतून मात्र साखर काढलेली नसते.
* गुळाची पावडर : कमी ओलाव्याचा, दाणेदार गूळ. मोजण्यास व साठवण्यास सोपा असतो.
* माडाचा गूळ : नारळाच्या झाडाची नीरा आटवून करतात. गोव्यात दोदोल व इतर गोड पदार्थांत त्याचा वापर होतो. त्याचा रंग गडद असतो.
* ताडगूळ : ताडाच्या नीरेपासून बनतो. तमिळनाडूत विशेष प्रचलित आहे.
* खजुरी गूळ : बंगालमध्ये हिवाळ्यात शिंदीच्या झाडाच्या रसापासून बनवतात. तेथील 'नोलेन गुड' संदेश व इतर मिठायांसाठी प्रसिद्ध आहे.

रासायनिक घटक व पोषणमूल्य

उसाच्या गुळात साधारणपणे ६५ ते ८५ टक्के सुक्रोज आणि ५ ते १५ टक्के ग्लुकोज व फ्रुक्टोज असते. उरलेल्या भागात पाणी, खनिजे, अल्प प्रथिने आणि रंगद्रव्ये असतात. १०० ग्रॅम गुळापासून सुमारे ३५० ते ३८५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेवढ्याच साखरेपासून सुमारे ४०० किलोकॅलरी मिळते. हा फरक मुख्यतः गुळातील ओलाव्यामुळे पडतो. दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, पदार्थ घेतल्यास फरक अवघ्या दोन-चार किलोकॅलरींचा असतो.

शुद्ध साखरेत खनिजे जवळजवळ नसतात. गुळात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस व लोह ही खनिजे आढळतात. गडद रंगाला कारणीभूत असणाऱ्या फिनॉल वर्गातील द्रव्यांमध्ये प्रयोगशाळेत ऑक्सिडीकरणरोधक गुण दिसून येतात. परंतु या सर्व घटकांचे प्रमाण १०० ग्रॅम गुळामागे सांगितले जाते आणि एवढा गूळ कोणी दररोज खात नाही. म्हणून पोषणमूल्याचा विचार प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या प्रमाणात करणे आवश्यक ठरते.

लोह व रक्तक्षय

गुळाने रक्त वाढते हा समज महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. निरनिराळ्या अन्नघटक तक्त्यांत गुळातील लोहाचे प्रमाण १०० ग्रॅममागे सुमारे २.५ पासून ११ मिलिग्रॅमपर्यंत दिलेले आढळते. जमीन, उसाचा वाण आणि काहिलीचा धातू यांनुसार ते बदलते. सर्वांत मोठा आकडा धरला तरी १० ग्रॅमच्या खड्यातून सुमारे १.१ मिलिग्रॅम लोह मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम लोहाचा आहार सुचवला आहे. म्हणजे गुळाच्या खड्याने या गरजेचा चार टक्क्यांहूनही कमी भाग भागतो. शिवाय वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच अंश शरीरात शोषला जातो. आहारात लिंबू, आवळा, पेरू अशी 'क' जीवनसत्त्व असलेली फळे असतील तर हे शोषण वाढते, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते घटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या पार्श्वभूमीवर गुळाविषयीच्या समजाला व्यावहारिक महत्त्व आहे. गूळ हा रक्तक्षयावरील उपचार नव्हे. गरोदर स्त्रियांनी किंवा किशोरवयीन मुलींनी वैद्यकीय सल्ल्याने सुरू केलेल्या लोहाच्या गोळ्यांऐवजी गूळ खाणे धोक्याचे ठरते.

पारंपरिक पदार्थांत मात्र गूळ क्वचितच एकटा असतो. तिळगूळ, शेंगदाण्याचा लाडू, हळिवाचा लाडू, नाचणीचे सत्त्व यांत गुळाबरोबर पोषक धान्ये व तेलबिया येतात. उदाहरणार्थ, न सोललेल्या तिळात कॅल्शियमचे प्रमाण गुळाच्या दसपटीहून अधिक असते. अशा पदार्थांचे पोषण प्रामुख्याने या साथीदार घटकांतून येते आणि गुळामुळे ते रुचकर होऊन खाल्ले जातात.

मधुमेह व इतर विकार

गूळ मधुमेही व्यक्तींना चालतो, हा समज चुकीचा आहे. गुळातील सुक्रोजचे पचनमार्गात ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये रूपांतर होते आणि रक्तातील ग्लुकोजची पातळी साखरेप्रमाणेच वाढते. साखर सोडून चहात गूळ घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या आहारातील साखर प्रत्यक्षात कमी झालेली नसते. उलट गूळ निरुपद्रवी वाटल्याने तो अधिक खाल्ला जाण्याचा संभव असतो.

गूळ चिकट असल्याने दातांना चिकटून राहतो व दंतक्षयाला कारण होऊ शकतो. गुळात पोटॅशियमचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा लागतो. लहान मुलांच्या आहारात पहिल्या दोन वर्षांत साखर, गूळ वा मध घालून गोडी वाढवू नये, असे सांगितले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त शर्करेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी आणि ती ५ टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे सुमारे ५० व २५ ग्रॅम होते. या हिशेबात अन्नात वरून घातलेली सर्व प्रकारची साखर, मध, पाक व फळांचे रस येतात. म्हणून गूळही त्यातच धरावा लागतो.

रंग आणि रसायने

नैसर्गिक पद्धतीने केलेल्या उसाच्या गुळाचा रंग सहसा तांबूस ते तपकिरी असतो. बाजारात मात्र दीर्घकाळ फिकट पिवळ्या, चमकदार गुळाला अधिक मागणी राहिली आहे. कोल्हापुरी गुळाची मोठी बाजारपेठ असलेल्या गुजरातमध्येही पिवळ्या गुळाला पसंती मिळते. सौद्यात रव्याचा दर ठरताना रंग पाहिला जात असल्याने गडद गूळ बनवणाऱ्या शेतकऱ्याला कमी भाव मिळतो. यातूनच रसायनांचा वापर वाढला.

रंग फिकट करण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे रसायन म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. गुऱ्हाळांवर ते 'हायड्रोस' किंवा 'हायड्रोस पावडर' या नावाने ओळखले जाते. त्याने रसातील रंगद्रव्यांचा रंग उडतो. परंतु हा परिणाम कायम टिकत नाही आणि साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. रसायनाचे प्रमाण अधिक झाल्यास गुळात सल्फर डायऑक्साइडचे अवशेष राहतात. सल्फाइटची संवेदनशीलता असलेल्या व्यक्तींना, विशेषतः दम्याच्या रुग्णांना, त्यापासून त्रास होऊ शकतो. याखेरीज मळ काढण्यासाठी व गूळ कडक करण्यासाठी सुपर फॉस्फेट, धुण्याचा सोडा व तुरटी यांचा वापर होत असल्याचेही आढळते. खत म्हणून विकले जाणारे सुपर फॉस्फेट हे खाद्य प्रतीचे नसते.

अशा प्रकारे गुळातील रसायनांचा प्रश्न केवळ उत्पादकाच्या वर्तनाचा नसून ग्राहकाच्या पसंतीशीही निगडित आहे. ग्राहकाने पिवळा रंग हे शुद्धतेचे लक्षण मानले, तर शुद्ध गूळ करणाऱ्यालाच तोटा सोसावा लागतो. गेल्या काही वर्षांत शहरी ग्राहकांकडून गडद, रसायनविरहित गुळाला मागणी वाढल्याने काही गुऱ्हाळे त्याकडे वळली आहेत. मात्र मागणी वाढल्यावर केवळ गडद रंगाचा गूळ 'सेंद्रिय' म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. जास्त आटवल्यामुळे, जुना झाल्यामुळे किंवा मळ नीट न काढल्यामुळेही गूळ काळा पडतो. म्हणून फिकट रंग जसा शुद्धतेचा पुरावा नाही, तसा गडद रंगही नाही.

भेसळ व मानके

भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार गुळात, ओलावा वगळून, एकूण शर्करा ९० टक्क्यांपेक्षा आणि सुक्रोज ६० टक्क्यांपेक्षा कमी असू नये. पाण्यात न विरघळणारे पदार्थ २ टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत. घनरूप गुळातील ओलावा १० टक्क्यांच्या मर्यादेत असावा लागतो. सल्फर डायऑक्साइडच्या अवशेषांसाठीही मर्यादा घालून दिलेली आहे.

गुळात आढळणारी भेसळ मुख्यतः पुढील प्रकारांची असते.

* साखर : साखरेचा भाव गुळापेक्षा कमी असेल तेव्हा रसात साखर मिसळून गूळ केला जातो. असा गूळ कडक, फिकट व रवाळ होतो. तो अपायकारक नसला तरी ग्राहकाची फसवणूक होते.
* खडूची पूड : वजन वाढवण्यासाठी घालतात. गुळाचा खडा पेलाभर पाण्यात विरघळवल्यास ती तळाशी पांढऱ्या गाळाच्या रूपात बसते.
* धुण्याचा सोडा : सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यास फेस येतो. खडूमुळेही असाच फेस येतो.
* मेटॅनिल यलो : पिवळेपणासाठी वापरला जाणारा हा रंग खाद्यपदार्थांत निषिद्ध आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचा रंग गुलाबी-जांभळा होतो.

आम्लाची परीक्षा प्रयोगशाळेतच करणे योग्य असते. सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण किंवा मिसळलेली साखर घरगुती उपायांनी खात्रीने ओळखता येत नाही. संशय आल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

निवड व खरेदी

ग्राहकाने गूळ निवडताना पुढील बाबी पाहाव्यात असे सामान्यतः सुचवले जाते.

* रंग : एकसारखा तांबूस किंवा तपकिरी असावा. भडक पिवळा किंवा पांढुरका गूळ टाळावा.
* चव : स्वच्छ गोड व उसाच्या स्वादाची असावी. खारट चव खारवट जमिनीचे, जुन्या गुळाचे किंवा वाजवीपेक्षा अधिक रसायनांचे लक्षण असू शकते. कडवट चव करपल्याची खूण असते.
* पोत : गूळ फोडल्यावर आत रवाळ व घट्ट असावा. फार चिकट गूळ पावसाळ्यात टिकत नाही.
* गाळ : पाण्यात विरघळवल्यावर किंचित गाळ राहणे स्वाभाविक आहे. माती, चिपाडाचे तुकडे वा पांढरा थर असू नये.
* वेष्टन : बंद पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख व घटक दिलेले असावेत.

'सेंद्रिय' आणि 'रसायनविरहित' या दोन शब्दांचा अर्थ एक नाही. सेंद्रिय हा शब्द प्रामुख्याने ऊस पिकवण्याच्या पद्धतीशी संबंधित आहे आणि त्यासाठी अधिकृत प्रमाणीकरण लागते. अशा मालावर 'जैविक भारत' हे बोधचिन्ह असते. रसायनविरहित हा शब्द गुऱ्हाळातील प्रक्रियेविषयी वापरला जातो. रासायनिक खतांवर वाढवलेल्या उसापासूनही हायड्रोस न घालता गूळ करता येतो. तसेच यांपैकी कोणत्याही शब्दाने गुळातील साखरेचे प्रमाण कमी होत नाही.

'गुळाची बिस्किटे', 'गुळाचा चहा' अशा तयार पदार्थांच्या बाबतीत घटकांची यादी वाचणे उपयुक्त असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. वेष्टनाच्या दर्शनी भागावर गुळाचे नाव मोठ्या अक्षरांत असूनही यादीत साखर, ग्लुकोज सिरप किंवा मैदा आधी आलेला असू शकतो.

इतर गोड पदार्थांशी तुलना

* पांढरी साखर : जवळजवळ शुद्ध सुक्रोज. खनिजे नगण्य.
* ब्राऊन शुगर : पुष्कळदा शुद्ध साखरेवर मळीचा थर देऊन बनवतात. ती गुळाच्या तोडीची समजणे योग्य नाही.
* खडीसाखर : मोठ्या स्फटिकांच्या रूपातील साखर. पोषणमूल्य साखरेइतकेच.
* खांडसारी : लहान प्रमाणावर, पारंपरिक पद्धतीने केलेली साखर. कमी शुद्ध केलेली असते.
* मध : सुमारे ८० टक्के शर्करा, मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज. बॉट्युलिझमच्या धोक्यामुळे एक वर्षाखालील बालकांना देऊ नये.
* खजूर : अखंड फळ असल्याने शर्करेबरोबर तंतुमय घटक मिळतात. प्रमाण मात्र मर्यादित ठेवावे लागते.
* स्टीव्हिया : या वनस्पतीच्या पानांतून काढलेल्या द्रव्यांची गोडी साखरेच्या शेकडो पट असते आणि त्यांतून ऊर्जा जवळजवळ मिळत नाही.
* कृत्रिम गोडवे : ॲस्पार्टेम, सुक्रॅलोज, सॅकरिन इत्यादी. ॲस्पार्टेमसाठी दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा २०२३ साली कायम ठेवण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी साखरेतर गोडव्यांवर विसंबू नये अशी शिफारस केली. यात स्टीव्हियाचाही समावेश आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना ही शिफारस लागू केलेली नाही. अन्नातील गोडीची सवयच हळूहळू कमी करणे हा या सर्व पर्यायांपेक्षा अधिक शाश्वत मार्ग मानला जातो.

स्वयंपाकातील वापर व साठवण

मराठी स्वयंपाकात गुळाचा वापर गोड पदार्थांपुरता मर्यादित नाही. आमटी, भरली वांगी, अळूची भाजी, चिंचगुळाची चटणी यांत आंबट व तिखट चवींचा तोल राखण्यासाठी गूळ घालतात. पुरणपोळी, गूळपोळी, उकडीचे मोदक, चिक्की, डिंकाचे लाडू यांत तो मुख्य घटक असतो. डाळ शिजण्यापूर्वी गूळ घातल्यास ती नीट मऊ होत नाही, म्हणून तो डाळ शिजल्यावर घालतात. गुळातील आम्लता व क्षार यांमुळे उकळते दूध फाटू शकते. त्यामुळे खिरीत किंवा चहात तो आच बंद केल्यावर मिसळण्याची रीत आहे.

गुळातील ग्लुकोज व फ्रुक्टोज हवेतील ओलावा शोषून घेतात. पावसाळ्यात यामुळे गूळ पाघळतो आणि त्यावर बुरशी येऊ शकते. तो कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. बुरशी आलेला किंवा आंबूस वास येणारा गूळ खाऊ नये.

अर्थकारण

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर व हापुड, आंध्र प्रदेशातील अनकापल्ली, कर्नाटकातील मंड्या आणि महाराष्ट्रातील कोल्हापूर ही गुळाची प्रमुख केंद्रे आहेत. कोल्हापुरी गुळाला तसेच केरळातील मरयूर येथील गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोल्हापूरच्या बाजार समितीत दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे काढण्याची प्रथा आहे. इतर भागांतील गूळ 'कोल्हापुरी' या नावाने विकला जाण्याविषयी तेथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे.

कुशल गुळव्यांचा व मजुरांचा तुटवडा, दरातील चढउतार आणि साखर कारखान्यांकडे जाणारा ऊस यांमुळे कोल्हापूर भागातील गुऱ्हाळांची संख्या घटत गेली आहे. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद व लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. लहान पाकिटांतील गूळ, पावडर व काकवी यांची थेट ग्राहकाला विक्री करणे हा गुऱ्हाळचालकांपुढील एक पर्याय मानला जातो.

संस्कृती व भाषा

मकरसंक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती केली जाते. गुढीपाडव्याला कडुनिंबाच्या पानांबरोबर गूळ खातात. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ व पाणी देण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात आजही आढळते. देवाला गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवतात.

मराठी भाषेतही गुळाशी संबंधित अनेक प्रयोग आहेत. 'गाढवाला गुळाची चव काय' ही म्हण अरसिकाविषयी वापरतात. निष्क्रिय, भोळ्या माणसाला 'गुळाचा गणपती' म्हणतात. दोघांचे चांगले जमले की त्यांचे 'गूळपीठ' आहे असे म्हणतात. लांबत जाणाऱ्या निष्फळ चर्चेला 'चर्चेचे गुऱ्हाळ' असे नाव आहे.

हे सुद्धा पहा

* ऊस
* साखर
* काकवी
* मध
* रक्तक्षय
* मधुमेह
* भौगोलिक मानांकन